सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गांभीर्य आणि आपुलकी दोन्ही कशी सांभाळावी : सचिव व ॲडमिन यांच्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची सहसा दोनपैकी एक गत होते. काही ठिकाणी टाकी धुण्याची सूचना वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते आणि दुसऱ्या दिवशी नळ कोरडा पडला की सचिवांच्या दाराची बेल वाजू लागते. काही ठिकाणी एखाद्या भांडणानंतर ग्रुप कायमचा ‘फक्त ॲडमिन’ करून टाकलेला असतो आणि मग शेजारच्या घरात कोणी आजारी आहे हेही मजल्यावर कळत नाही. दोन्हींच्या मुळाशी क्रमाची चूक आहे. ग्रुप आधी तयार होतो, माणसे भराभर जोडली जातात आणि नियम मात्र पहिल्या भांडणाच्या रात्री लिहिले जातात. असा नियम कोणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो शेवटपर्यंत नियम वाटत नाही, शिक्षा वाटते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. ग्रुप जुना असला तरीही पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करावी.

टप्पा १ : नियमांआधी जागा वेगळ्या करा

मागील एका महिन्याचे संदेश शांतपणे वाचून काढा आणि त्यांची चार प्रकारांत विभागणी करा: सूचना, तक्रारी, चर्चा आणि घरगुती गोष्टी. बहुतेक संस्थांत भांडणे चर्चेतून कमी आणि एका प्रकारचा संदेश दुसऱ्याच्या जागी आल्यामुळे अधिक होतात, हे या वाचनातून लक्षात येईल. लिफ्टमध्ये कोणी अडकले असल्याचा संदेश आणि कोजागरीच्या मसाला दुधाचा बेत एकाच ठिकाणी आले, तर एकाला दुसरा निष्काळजी वाटतो आणि दुसऱ्याला पहिला रुक्ष वाटतो. खरे तर दोघांचेही काही चुकलेले नसते.

म्हणून दोन ग्रुप करावेत. पहिला सूचनांचा, ज्यात फक्त ॲडमिनला लिहिता येईल. दुसरा रहिवाशांचा, ज्यात सर्वांना लिहिता येईल. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ‘कम्युनिटी’ची सोय आहे, तीत घोषणांचा ग्रुप आपोआप मिळतो आणि बाकीचे ग्रुप त्याच्याशी जोडता येतात. इमारतवार, महिला मंडळाचा, पार्किंगचा, गणपतीचा असे ग्रुप वाढवत नेऊ नयेत, कारण कुठे काय लिहायचे हे माणसे विसरतात आणि शेवटी प्रत्येक गोष्ट सगळीकडे पाठवतात.

तक्रारींसाठी तिसरा ग्रुप करू नये. संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, तक्रार लेखी द्यायची असते आणि व्यवस्थापन समितीने ती सभेत घेऊन निर्णय कळवायचा असतो. तेव्हा कार्यालयातील तक्रार नोंदवही किंवा संस्थेचा ईमेल हाच तक्रारीचा मार्ग ठेवावा. ग्रुपवर आलेल्या तक्रारीला क्रमांक नसतो, तारीख कोणी पाहत नाही आणि चार दिवसांनी ती सापडतही नाही. मग तक्रारदार तीच गोष्ट अधिक चढ्या आवाजात पुन्हा लिहितो.

ग्रुप कोणत्या क्रमांकावरून तयार करायचा हेही आधीच ठरवावे. ज्याने ग्रुप तयार केला त्याचे ॲडमिनपद इतर ॲडमिनना काढून घेता येत नाही. एखाद्या सभासदाच्या खासगी फोनवरून ग्रुप तयार झाला आणि पुढे त्याने घर विकले, तर मोठा पेच होतो. संस्थेच्या नावे एक वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावरून ग्रुप तयार करावा आणि त्याशिवाय किमान दोन ॲडमिन नेमावेत. त्यातील एक समितीबाहेरचा असल्यास समितीवर टीका करणारा संदेश काढायचा की ठेवायचा, या प्रश्नावर लोकांचा विश्वास टिकतो.

> तपासा: भाडेकरू सूचनांच्या ग्रुपमध्ये आहेत का? पाणी त्यांच्याकडेही बंद होते. ज्या ज्येष्ठांकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी तीच सूचना जिन्याखालच्या फलकावर लागते का?

टप्पा २ : नियम थोडे लिहा आणि सभेत मांडा

नियम सात-आठ ओळींपेक्षा अधिक नसावेत आणि त्यांची भाषा ‘हे करू नये’ यापेक्षा ‘हे असे करावे’ अशी असावी. नमुना म्हणून पुढील मजकूर घेता येईल:

“हा ग्रुप आपल्या सर्व रहिवाशांचा आहे. मदत मागणे, माहिती देणे, शुभेच्छा, हरवले-सापडले यांसाठी येथे मोकळेपणाने लिहावे. तक्रार कार्यालयाच्या वहीत किंवा ईमेलवर नोंदवावी. तिचा क्रमांक आपल्याला मिळेल. कोणाविषयी लिहायचे असल्यास त्यांच्याशी आधी बोलावे. सदनिका क्रमांक किंवा नाव ग्रुपवर घेऊ नये. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत फक्त तातडीचे लिहावे. राजकीय प्रचार, जाहिराती आणि खात्री नसलेले फॉरवर्ड पाठवू नयेत. चुकून काही गेले तर काढून टाकावे. त्यावर कोणी बोलणार नाही.”

शेवटचे वाक्य गाळू नये. नियम मोडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातून तो चुकून मोडलेला असतो आणि चूक निमूटपणे सुधारण्याची वाट आधीच मोकळी ठेवली, तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि दोन दिवसांहून थोड्या अधिक काळापर्यंत सर्वांच्या फोनवरून काढता येतो. ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांना या दोन्ही सोयी माहीत नसतात. त्या त्यांच्या फोनवर एकदा करून दाखवाव्यात.

हा मजकूर सर्वसाधारण सभेत वाचून दाखवावा, आलेल्या सूचना घ्याव्यात आणि मगच लागू करावा. ती सभा बऱ्याच दिवसांनी असेल तर समितीच्या सभेत ठरवून, तात्पुरता असल्याचे स्पष्ट सांगून सुरू करावा. त्यानंतर तो ग्रुपच्या वर्णनात टाकावा.

> सावधान: ग्रुपवर वाद चालू असताना नियम जाहीर करू नका. वाद मिटून किमान आठवडा जाऊ द्या.

टप्पा ३ : सूचनेचा मजकूर आणि त्याचा सूर

सर्वाधिक चुका येथे होतात. लिहिणारा एकतर सरकारी नोटिशीच्या भाषेत शिरतो किंवा लोकांना वाईट वाटू नये म्हणून इतका लाघवी होतो की मुद्दाच हरवतो. या दोन चुकांचे नमुने पाहा.

पहिला: “सर्व सभासदांना ताकीद देण्यात येते की उद्या पाणीपुरवठा बंद राहील. याबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.”

दुसरा: “नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? उद्या थोडा वेळ पाण्याची गैरसोय होईल बरं का, जरा सांभाळून घ्या!”

पहिल्यात कोणीही तक्रार केलेली नसताना ती फेटाळली आहे. दुसऱ्यात वेळ नाही, कारण नाही, आणि ‘थोडा वेळ’ म्हणजे किती हे विचारणारे चाळीस संदेश येणार हे नक्की. आता तीच सूचना नीट लिहिली तर अशी होईल:

“उद्या, गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत ए आणि बी इमारतींचे पाणी बंद राहील. वरच्या टाक्या धुवायच्या आहेत. कृपया सकाळी ९ पर्यंत पाणी भरून ठेवावे. ३ नंतर पहिली दहा मिनिटे पाणी गढूळ येण्याची शक्यता आहे, ते वापरू नये. घरी आजारी व्यक्ती किंवा लहान बाळ असल्यास कार्यालयात कळवावे, दोन बादल्या पाणी पोहोचवण्याची व्यवस्था केली आहे. — सचिव”

या मजकुरात गोड शब्द जवळजवळ नाहीत, तरीही तो आपुलकीचा आहे. कोणाला अडचण येऊ शकते याचा विचार आधीच झालेला आहे आणि तो शेवटच्या वाक्यात दिसतो. विषय हाताळताना गांभीर्य पूर्ण ठेवावे आणि आपुलकी माणसाच्या अडचणीकडे वळवावी, इतके सांभाळले की सूर आपोआप जमतो. वाक्यांचा क्रमही लक्षात घ्यावा: काय आणि केव्हा, कोणाला, कशामुळे, रहिवाशांनी काय करायचे, अडचण आल्यास कोणाकडे जायचे. अभिवादन हवे असल्यास एका शब्दाचे पुरे.

कारण देणे टाळू नये. ‘समितीने ठरवले आहे’ एवढेच लिहिले की वाचणाऱ्याला आपण हिशेबात नसल्याची भावना होते. कारण एका ओळीत दिले तर न पटणारा सभासदही निदान मुद्द्यावर बोलतो. अधिकृत सूचना ध्वनिसंदेशाने कधीही देऊ नये, कारण तो पुन्हा शोधता येत नाही आणि बोलण्यातला थकवा किंवा चिडचिड त्यात सरळ ऐकू येते.

> तपासा: पाठवण्यापूर्वी मजकूर समितीबाहेरच्या एका व्यक्तीला वाचायला द्या. तिला एकही प्रश्न विचारावा लागला, तर त्याचे उत्तर मजकुरात घाला.

टप्पा ४ : तक्रार ग्रुपवर आलीच तर

मार्ग कितीही नीट आखला तरी रात्री अकराला छतातून पाणी टपकू लागले की माणूस नोंदवही शोधत नाही. तो ग्रुपवर लिहितो: “वरच्यांना किती वेळा सांगायचं? लाज वाटत नाही का लोकांना?” अशा वेळी ॲडमिनने चार गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. ग्रुपवर दोन ओळींची पोच द्यावी: “संदेश वाचला. गळती गंभीर आहे, आत्ताच फोन करतो.” येथे नियमाची आठवण करून देऊ नये. ज्याच्या पलंगावर पाणी पडते आहे त्याला ‘तक्रार वहीत लिहा’ असे सांगणे अमानुष आहे.

२. तक्रारदाराला फोन करावा. ग्रुपवर तो सभासद आहे, फोनवर मात्र तो आपला जोशीकाका किंवा शेखभाई आहे, आणि त्याच नात्याने बोलावे. आधी पाणी कुठून आणि किती येते ते विचारावे, बादली आणि विजेच्या बटणांची काळजी घ्यायला सांगावे आणि नंतरच, स्वर खाली आल्यावर, “काका, नाव न घेता लिहिलं असतं तरी मी आलोच असतो,” एवढे म्हणावे.

३. वरच्या घरी स्वतः जावे किंवा फोन करावा. त्यांनी ग्रुप वाचलेला असतो आणि ते उत्तर लिहायच्या बेतात असतात. “ताई, ग्रुपवर आत्ता काही लिहू नका, आपण उद्या सकाळी प्लंबरला घेऊन बघू,” ही विनंती वेळेवर पोहोचली तर पुढची पन्नास उत्तरे टळतात.

४. काम झाल्यावर ग्रुपवर परत यावे आणि निकाल सांगावा: “काल रात्रीच्या गळतीचे कारण सापडले, जोड बदलला आहे. दोन्ही घरांनी सहकार्य केले.”

चौथी पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. भांडण शंभर जणांनी पाहिलेले असते. तोडगा मात्र तिघांनाच ठाऊक असतो. मग ‘इथे काही होत नाही’ हे मत कायम राहते आणि पुढचा तक्रारदार आवाज चढवूनच सुरुवात करतो.

> सावधान: देखभाल शुल्काच्या थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकू नका, ‘सदनिका क्रमांक ३०२ यांनी कृपया लक्ष द्यावे’ असेही लिहू नका. वसुलीसाठी पत्र, मागणी नोटीस आणि शेवटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) असा रीतसर मार्ग कायद्यात आहे. यादी टाकल्याने पैसे येतीलच असे नाही, त्या घराशी संबंध मात्र तुटतो, आणि त्या घरात शाळेत जाणारी मुलेही असतात.

टप्पा ५ : वाद पेटल्यावर

पहिले तीन-चार संदेश येऊ द्यावेत. मतभेद म्हणजे भांडण नव्हे, आणि पार्किंगच्या सोडतीबद्दल कोणी स्पष्ट बोलत असेल तर ते संस्थेच्या हिताचे आहे. बोलणे मुद्द्यावरून माणसावर, त्याच्या घरावर, जातीवर, भाषेवर किंवा स्वयंपाकघरात काय शिजते यावर घसरले की मात्र त्याच क्षणी थांबवावे. त्यासाठी ग्रुप तात्पुरता फक्त ॲडमिनसाठी करावा आणि लगेच वेळ सांगावी: “चर्चा तापली आहे. ग्रुप उद्या सकाळी ९ वाजता पुन्हा खुला होईल. विषय रविवारच्या समिती सभेत घेतला आहे, ज्यांना मांडायचे आहे त्यांनी यावे.” वेळ न सांगता केलेले बंद म्हणजे मुस्कटदाबी, असाच अर्थ लोक लावतात. आणि सांगितलेल्या वेळेला ग्रुप खुला केलाच पाहिजे.

आक्षेपार्ह संदेश ॲडमिनला सर्वांसाठी काढता येतो. काढण्यापूर्वी शक्य असल्यास लिहिणाऱ्यालाच तो काढायला सांगावा. स्वतःहून मागे घेतला की त्याची शान राहते. कोणाला ग्रुपमधून काढणे हा अगदी शेवटचा उपाय आहे, तो दोनदा खासगीत समज देऊन आणि समितीत ठरवूनच करावा. काढलेल्या सभासदाला सूचनांच्या ग्रुपमध्ये मात्र ठेवावेच, कारण त्याचे सभासदत्व ग्रुपवर अवलंबून नाही आणि सभेची सूचना मिळणे हा त्याचा हक्क आहे.

थट्टेबद्दल एक वेगळी काळजी घ्यावी. समोरासमोर हसून सोडून दिलेली गोष्ट लिहिलेल्या शब्दांत टोचते, कारण चेहरा दिसत नाही आणि ऐकणारे शंभर असतात. ॲडमिनने स्वतः कोणाही रहिवाशाची, समितीतील मित्राचीसुद्धा, ग्रुपवर थट्टा करू नये. त्याने एकाची केली की दुसऱ्याला रोखण्याचा अधिकार तो गमावतो.

अनेक ॲडमिन कायद्याच्या भीतीने ग्रुप कायमचा बंद ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसल्यास, केवळ ॲडमिन म्हणून कोणाला गुन्हेगारी दृष्ट्या जबाबदार धरता येत नाही. तरीही तसा मजकूर दिसल्यावर तो तसाच ठेवणे योग्य नाही, हे सांगायला कायदा लागू नये.

टप्पा ६ : निधन, आजारपण आणि सण

कोणाच्या घरी मृत्यू झाल्यास आधी घरच्यांची संमती घ्यावी, मग सूचनांच्या ग्रुपवर नाव, अंत्ययात्रेची वेळ आणि ठिकाण एवढेच द्यावे. आजाराचे तपशील देऊ नयेत. हीच बातमी रहिवाशांच्या ग्रुपवर टाकली की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या रांगेत मध्येच कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक येतो, आणि दोन्ही घरे दुखावतात. त्या दिवशी ॲडमिनने “आज शुभेच्छा व फॉरवर्ड उद्यासाठी ठेवावेत, ही विनंती” अशी एक ओळ लिहावी. त्याचबरोबर दुखवट्याच्या घरी चहा-जेवण कोण पोहोचवणार हे शेजारच्या दोन-तीन घरांशी बोलून ठरवावे. ते ग्रुपवर ठरवायचे काम नाही.

गणपतीच्या वर्गणीत नावांपुढे रक्कम लिहिलेली यादी रोज टाकली जाते आणि ज्याला जमत नाही तो संकोचाने ग्रुपकडे फिरकत नाही. देणाऱ्यांची नावे रकमेशिवाय द्यावीत आणि उत्सवानंतर एकूण जमा-खर्च फलकावर लावावा. सुप्रभात संदेशांवर बंदी घालण्याची मला गरज वाटत नाही. एकटे राहणाऱ्या आजोबांचा रोजचा संदेश एखाद्या सकाळी आला नाही तर शेजाऱ्याने दार वाजवून पाहावे, इतका त्याचा उपयोग नक्की आहे. फक्त तो रहिवाशांच्या ग्रुपवरच यावा.

टप्पा ७ : निर्णय ग्रुपवर घेऊ नका

रंगकाम, सुरक्षा संस्था बदलणे, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा अशा विषयांवर ॲडमिन ग्रुपवर मतदान टाकतात. व्हॉट्सॲपच्या मतदानात कोणी काय मत दिले हे सर्वांना दिसते, त्यामुळे शेजारी शेजाऱ्याचे मत मोजत बसतो. शिवाय या मतदानात भाडेकरू मत देतात, ग्रुपमध्ये नसलेले सभासद मात्र वगळले जातात. सभेची तारीख शनिवार की रविवार, सहल कुठे काढायची, एवढ्यापुरतेच ते वापरावे.

गंभीर विषय विषयपत्रिकेवर घ्यावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिच्यासाठी पूर्ण १४ दिवसांची सूचना लागते. ती विहित पद्धतीनेच पाठवावी, ग्रुपवरचा संदेश ही फक्त आठवण समजावी. सभेआधी ग्रुपवर दरपत्रके आणि माहिती मोकळेपणाने द्यावी, प्रश्न विचारू द्यावेत, त्यांची उत्तरे एकत्र करून एकदाच द्यावीत. सभेनंतर काय ठरले ते चार ओळींत त्याच दिवशी कळवावे, म्हणजे कुजबूज सुरू होण्याआधी माहिती पोहोचते.

> तपासा: ग्रुपवर ‘सर्वांची संमती गृहीत धरतो’ असे वाक्य गेले आहे का? गेले असल्यास ते मागे घ्या. गप्प राहिलेल्या माणसाने संमती दिलेली नसते.

टप्पा ८ : महिन्याकाठी आढावा आणि हस्तांतर

दर महिन्याच्या समिती सभेत दहा मिनिटे ग्रुपसाठी ठेवावीत. कोणत्या प्रश्नाला उत्तरच मिळाले नाही, कोणाच्या तक्रारीचा निकाल सांगायचा राहिला, एकाच व्यक्तीला वारंवार टोकले जाते का, एवढे पाहावे. आता कोणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला कळते. त्यामुळे त्याची विचारपूस करणे हे ॲडमिनचेच काम होते. विचारपूस प्रत्यक्ष भेटून करावी आणि ‘परत या’ असा आग्रह न करता काय खटकले ते ऐकून घ्यावे.

समितीची मुदत संपताना संस्थेचे सिमकार्ड आणि फोन, ॲडमिनची यादी, नियमांचा मजकूर आणि प्रलंबित तक्रारींचे क्रमांक नव्या सचिवांकडे लेखी पोचसह सोपवावेत. जुन्या पदाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी ॲडमिनपद सोडावे. ग्रुपवर नव्या ॲडमिनची नावे व संपर्काची वेळ जाहीर करावी, आणि पहिल्या महिन्यात नियमांत कोणताही बदल करू नये.